पेपरमा नाव उनं

आमच्या शिवारातल्या डीपीची आरती आम्ही एका सकाळी दोनदा केली. पहिली खरी. दुसरी फोटोसाठी, कारण कॅमेऱ्यातलं रीळ पुढे सरकलंच नव्हतं हे वार्ताहराला नारळ फुटल्यावर समजलं. नारळ एकच आणलेला. मग फुटलेल्या नारळाच्या दोन्ही वाट्या जुळवून धरल्या, हळदकुंकू पुन्हा वाहिलं आणि आम्ही सतरा जण जळालेल्या डीपीसमोर हात जोडून पुन्हा उभे राहिलो. मागे गहू पिवळा पडत होता. तो काही फोटोत आला नाही.

ही १९९८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. गहू पोटऱ्यात आला आणि डीपी जळाली. तालुक्याच्या कार्यालयात पहिला अर्ज दिला, दुसरा दिला, तिसऱ्या वेळी सगळे मिळून गेलो. साहेब दौऱ्यावर. चौथ्या वेळी साहेब भेटले तर म्हणाले, यादीत नाव आहे, नंबर आला की बसेल. गव्हाला नंबर कळत नाही हे साहेबाला कोण सांगणार. परत येताना एसटी स्टँडवर कोणीतरी म्हणालं, पेपरात द्या ना.

पेपरात द्यायचं म्हणजे कुठे द्यायचं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. स्टँडजवळ एक झेरॉक्सचं दुकान होतं. वह्या, पेन, लग्नपत्रिका, आणि बाहेर पाटीवर एका पेपरचं नाव. दुकानदारच त्या पेपरचा वार्ताहर. मी घरून दोन पानं लिहून नेली होती. शिक्षण दहावी, पण रोज पारावर पेपर वाचायची सवय, त्यामुळे पेपरची भाषा पेपरातच शिकलेलो. ‘शेतकरी हवालदिल’, ‘प्रशासनाचे अक्षम्य दुर्लक्ष’, ‘बळीराजा संतप्त’, असं सगळं त्यात ठासून भरलं होतं. त्याने पानं वाचली, एका गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्याच्या चार प्रती काढून दिल्या, आणि म्हणाला,

“भाऊ, हे सगळं मी तुम्ही न सांगताही लिहीन. मला जे माहीत नाही ते सांगा.”

“म्हणजे काय?”

“डीपी कोणत्या तारखेला जळाली? तिच्यावर मोटारी किती? गहू किती एकर? अर्ज कोणत्या तारखांना दिले, त्यांच्या पोच आहेत का?”

पोच होत्या. बाकीचं मला सांगता आलं नाही. माझं दुखणं मला पाठ होतं, पण त्याचं माप माझ्याकडे नव्हतं. मी गावात परत आलो आणि दोन दिवस शिवारात फिरून मोजलं. तेवीस दिवस, सतरा मोटारी, एकसष्ट एकर गहू, चौदा एकर हरभरा. आमच्या गावात हे कोणीच असं एका ओळीत मोजलं नव्हतं. मोजल्यावर मलाच धक्का बसला, कारण तोवर आम्ही प्रत्येकजण आपापलंच पाहत होतो.

आकडे घेऊन गेलो तर तो म्हणाला, आता फोटो पाहिजे. नुसत्या डीपीचा फोटो छापत नाहीत. मग गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आरतीची युक्ती काढली. तो म्हातारा आयुष्यात कधी पेपर वाचत नव्हता, त्याला अक्षरओळखही नव्हती. पण पेपरवाल्याला काय लागतं ते त्याला आमच्याआधी कळलं.

बातमीचं पाकीट आणि रीळ दुपारच्या जळगाव गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं. तेव्हा बातम्या अशाच जात. चार वाजेच्या आत गाडी गाठली तर उद्याच्या पेपरात, नाहीतर परवा, आणि परवापर्यंत बातमी शिळी. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन कॉलमी बातमी लागली, फोटोसकट. त्यानंतर तीन दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुसरी डीपी आली. निम्मा गहू वाचला. पारावर पोरं ओरडत आली, “नाना, पेपरमा नाव उनं तुमनं!” माझ्या नावातलं एक अक्षर चुकलेलं होतं, पण नाव होतं.

तेव्हापासून गावात आणि आजूबाजूच्या चार खेड्यांत मी ‘बातमीवाला’ झालो. कोणाची पाइपलाइन फुटली, शाळेला मास्तर नाही, कापसाचे पैसे अडकले, की लोक माझ्याकडे. मीही हरखून गेलो, खोटं कशाला सांगू. हळूहळू त्या धंद्याच्या खुब्या कळल्या. मंत्री जिल्ह्यात असेल त्या दिवशी आपली बातमी नेऊ नये, पान भरलेलं असतं. रविवारी कचेऱ्या बंद असतात, त्यामुळे सोमवारच्या पेपराला मजकूर कमी पडतो, तेव्हा रविवारी दुपारी बातमी पोचली तर जागा मिळते. वार्ताहराला एकाच वेळी चार तक्रारी सांगू नयेत, एकच सांगावी. दुसऱ्या पेपरवाल्याला तीच बातमी द्यायची असेल तर दोघांनाही तसं सांगून द्यावी, नाहीतर दोघंही तुटतात. आणि ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याचं म्हणणं काय, हे आपणच विचारून ठेवावं. ते वाक्य नसलं की जळगावच्या कचेरीतून पाकीट तसंच परत येतं.

वार्ताहराचं पोट कशावर चालतं तेही दिसलं. पेपर त्याला पगार देत नव्हता. बातमीमागे काही सुटे पैसे, आणि खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. दिवाळी, पंधरा ऑगस्ट, पुढाऱ्याचा वाढदिवस. मग ज्याने वाढदिवसाची पाव पान जाहिरात दिली त्याच्या गावातल्या रस्त्याची बातमी कशी लावणार? लोक त्याला विकाऊ म्हणत. मला तो कधी विकाऊ वाटला नाही. झेरॉक्सचे पन्नास पैसे घेणारा माणूस, त्याने आमची डीपी फुकट बसवली. फक्त कोणाची बातमी त्याला परवडते आणि कोणाची नाही, हे ओळखून त्याच्याकडे जायचं.

अमळनेरच्या माणसाला यात एक वेगळाच सल असतो. साने गुरुजी आमच्या इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३० च्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली, आणि पुढे १९३८ साली अमळनेरातूनच ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. त्याच्या दोन वर्षं आधी फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालेलं, खेड्यात भरलेलं पहिलं. माझे आजोबा बैलगाडीने फैजपूरला गेले होते असं घरात सांगत. कधीकधी वाटतं, गुरुजींना आमच्यासारखं कोणाच्या दुकानासमोर उभं राहावं लागलं नसेल, बातमी त्यांचीच आणि पेपरही त्यांचाच. पण साप्ताहिक चालवायला त्यांना काय सोसावं लागलं असेल ते त्यांनाच माहीत. आपण बापडे दोन कॉलम मागणारे.

काही गोष्टी मात्र कितीही मोजून दिल्या तरी बातमी म्हणून मरतात. पाडळसे धरण घ्या. तापीवरच्या या निम्न तापी प्रकल्पाला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली. तेव्हापासून निधी, खर्चवाढ, आंदोलन, आश्वासन, पुन्हा निधी. माझी दाढी काळी होती तेव्हा मी त्याची पहिली बातमी वाचली, आता ती पांढरी झाली. धरणाच्या बातमीत खोटं काहीच नसतं, पण वाचणाऱ्याचा डोळा तिच्यावर थांबत नाही. रोज दिसणारा खांब जसा दिसेनासा होतो तसं तिचं झालं आहे. त्यासाठी लढणारी माणसं दर वेळी काहीतरी नवं करतात, तेव्हा कुठे चार ओळी येतात.

याच्या उलट बारीपाडा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातला छोटा आदिवासी पाडा. चैत्राम पवारांनी आणि गावाने मिळून तिथलं उजाड झालेलं जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी केली, बांध घातले, पाणी अडवलं. त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांना नाव कळलं, पण मी त्याच्या बऱ्याच आधी एकदा पावसाळ्यात तिथे वनभाज्यांच्या स्पर्धेला गेलो होतो. बाया रानातल्या भाज्या रांधून ओळीने मांडतात, कोणती भाजी कशावर चालते ते सांगतात. बाहेरगावची माणसं गाड्या करून येतात, जेवतात. आणि पेपरवाले? ते न बोलावता आलेले. मी तिथे खरं तर भाज्या कमी आणि पेपरवालेच जास्त पाहिले. दर वर्षी होणारा कार्यक्रम, फोटोला ताटं, बोलायला बाया, दाखवायला डोंगरभर जंगल. बातमीला जे जे लागतं ते सगळं तिथे होतं, आणि त्यातलं काहीच बातमीसाठी केलेलं नव्हतं. आम्ही डीपीची आरती केली ती मात्र निव्वळ बातमीसाठी. घरी येताना गाडीत मला हा फरक टोचत राहिला.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ते सांगायला बरीच वर्षं लागली.

२००५ साली ॲग्रोवन निघाला, रोज निव्वळ शेतीचा पेपर. आमच्या पारावर त्याच्यासाठी भांडण व्हायचं. त्याच्याआधीही आणि नंतरही इतर पेपरांत आठवड्याला शेतीचं पान असायचंच. यशोगाथा वाचायला कोणाला आवडत नाही? मलाही आवडे. २०१३ च्या फेब्रुवारीत मी दोन एकर पपई लावली. तैवान ७८६, एकोणीसशे रोपं, ठिबकवर. त्या वर्षी नशिबाने हात दिला. व्हायरस आला नाही, वारा आला नाही, व्यापारी शेतात येऊन गाडी भरून नेत होता. मार्चपर्यंत तोडणी चालली. सगळी मिळून अठ्ठावन्न टन, सरासरी साडेआठ रुपये. चार लाख त्र्याण्णव हजार. आयुष्यात एवढा आकडा मी माझ्या वहीत कधी लिहिला नव्हता.

आणि मला वाटलं, आजवर लोकांच्या बातम्या लावल्या, आता आपली का नको?

एका रोजच्या पेपरच्या जिल्हा पानासाठी लिहिणाऱ्या बातमीदाराला मीच फोन लावला. पेपरचं नाव सांगत नाही, आणि ॲग्रोवन तो नव्हे. तो म्हणाला, आप्पा, थोडक्यात सांगा. मी थोडक्यात सांगितलं. दोन एकर, अठ्ठावन्न टन, पाच लाखांच्या आसपास. त्याने विचारलं, खर्च? मी म्हटलं, झाला असेल दोन-सव्वादोन. माझी खर्चाची वही कोनाड्यात होती. उठून आणली असती तर दोन लाख दहा हजार हा पक्का आकडा मिळाला असता. मी उठलो नाही. तो आणखी काही विचारणार होता, पण मीच त्याला फळाचा आकार सांगत बसलो.

चौथ्या दिवशी बातमी आली. चार कॉलमी, रंगीत फोटो, माझ्या हातात दोन पपया. वर मोठ्या अक्षरात, दोन एकर पपईतून पाच लाखांचा नफा. खर्चाची ओळ कुठेच नव्हती.

मी ती बातमी किती वेळा वाचली असेल! पहिल्यांदा वाचली तेव्हाच ‘नफा’ शब्दावर डोळा अडकला. तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. वही काढून हिशेब मांडला तर असा होता. चार त्र्याण्णवमधून दोन लाख दहा हजार गेले, राहिले दोन लाख त्र्याऐंशी हजार. मी आणि घरच्या मंडळींनी चौदा महिने त्या रानात हात राबवले. आमचा दोघांचा तेव्हाचा रोज दीडशे धरला आणि चारशे दिवस धरले, तर एक लाख वीस हजार त्याचेच. उरले एक लाख त्रेसष्ट. म्हणजे चौदा महिने, महिन्याला अकरा-बारा हजार. वाईट नाही. पण पाच लाखही नाही.

फोन केला नाही त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. थोरल्याच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. मुलीकडची माणसं शिरपूर बाजूची, पपई ओळखणारी. त्यांनी बातमी वाचली होती. बैठकीत मुलीच्या मामांनी कात्रण खिशातून काढून सगळ्यांना दाखवलं. मी मान खाली घालून सुपारी कातरत बसलो. लग्न ठरलं. सूनबाई अजून कधी भाजीला तेल कमी पडलं की म्हणते, “आप्पा, त्या पाच लाखांतलं काही उरलं आहे का?” आम्ही हसतो. घरात ते हसण्यावारी गेलं.

बाहेर गेलं नाही. आधी उसने मागणारे आले, ते ठीक. मग एक सत्कार झाला, शाल-श्रीफळ. त्यानंतर मोटारसायकलवर एक पोरगा आला, पारोळा तालुक्यातला, पंचवीसेक वर्षांचा. बाप वारलेला, घरी आई. त्याने तेच कात्रण घडी करून पाकिटात ठेवलेलं. बाग पाहिली, रोपवाटिकेचा पत्ता घेतला, अंतर किती, खत कधी, सगळं वहीत लिहून घेतलं. मी सगळं मनापासून सांगितलं. फक्त तो जाताना म्हणाला, “आप्पा, अडीच धरले तरी एकरी परवडस,” तेव्हा मी त्याला थांबवलं नाही. अडीच म्हणजे एकरी नफा अडीच लाख, असं त्याच्या डोक्यात होतं. ते मला समजलं होतं.

त्याने तीन एकर लावली. ठिबकासाठी सोसायटीचं कर्ज, रोपांसाठी आईची पोत गहाण.

२०१५ च्या जानेवारीत मी कोणाच्या तरी दशक्रियेला त्या बाजूला गेलो होतो. परतताना त्याच्या शेतावर वळलो. लांबूनच कळलं. शेंड्याची पानं पिवळी, आकसलेली, फळांवर गोल गोल ठिपके. व्हायरसने अर्धी बाग खाल्ली होती. उरलेल्या फळाला व्यापारी किलोला अडीच रुपये सांगत होता, तेही निवडून. पोरगा मोटारीच्या खोलीत बसला होता. आत भिंतीवर स्टार्टरच्या शेजारी माझं ते कात्रण, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पाण्याने भिजू नये म्हणून, चार खिळ्यांनी ठोकलेलं. माझा हसरा फोटो.

मी म्हटलं, “भाऊ, ते काढ तिथून.”

तो म्हणाला, “राहू द्या आप्पा. खोटं तं तुमीन सांगं नही. मीच खर्च इचारा नही.”

त्याच्या आईने चहा केला. मला तो घशाखाली उतरवायला फार वेळ लागला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी पुढे कित्येक रात्री म्हणत होतो. महिन्याभरात त्याने बाग रोटाव्हेटरखाली घातली.

मी त्याच बातमीदाराकडे गेलो. जळगावला, प्रत्यक्ष. त्याला वही दाखवली, माझा खरा हिशेब दाखवला, आणि म्हटलं, त्या पोराची बातमी कर, पपईत नुकसान कसं होतं ते लोकांना कळू दे. तो माणूस वाईट नव्हता. त्याने ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाला, “आप्पा, नुकसान तर सगळ्यांचंच होतंय. यात वेगळं काय आहे?” सतरा वर्षांपूर्वी झेरॉक्सवाल्याने मला जे शिकवलं होतं, तेच त्याने मला ऐकवलं. मी ते दुसऱ्यांना शिकवत आलो होतो. जे माहीत नाही ते सांगा. नुकसान सगळ्यांना माहीत आहे.

मग मी वाचकांच्या पत्रांत पत्र लिहिलं. दीड पान, खर्चाच्या सगळ्या ओळींसकट. छापलं. पण जागेअभावी बारा ओळी, आणि कापले नेमके खर्चाचेच आकडे. माझं नाव मात्र या वेळी शुद्ध छापलं होतं.

नुकसानीची बातमी होते का, याचं उत्तर मला २०१८ च्या डिसेंबरात मिळालं. निफाड तालुक्यातल्या नैताळ्याचे संजय साठे. साडेसातशे किलो कांदा विकला, किलोला एक रुपया चाळीस पैसे भाव, हाती आले १०६४ रुपये. त्यांनी ते सगळे पंतप्रधानांच्या आपत्ती निधीला मनीऑर्डरने पाठवून दिले, वर पाठवणावळीचे ५४ रुपये स्वतःचे घालून. देशभरच्या पेपरांत आणि टीव्हीवर ते झळकलं. २०१० साली ओबामा मुंबईला आले तेव्हा त्यांच्याशी बोलायला जे शेतकरी निवडले होते त्यांत हेच साठे होते, हेही मग सगळ्यांनी छापलं. त्या हंगामात कांद्यात बुडालेली माणसं काय कमी होती? पण पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून तो आकडा तिथे पाठवणं, हे कोणाला माहीत नव्हतं. मी पारावर ती बातमी मोठ्याने वाचली. ५४ रुपयांपाशी आलो आणि थांबलो. मला ते सगळ्यात भारी वाटलं. माझ्या बातमीत नव्हती ती खर्चाची ओळ त्या माणसाने त्यांच्या बातमीत कोणालाच कापू दिली नाही.

तरी मला असंही वाटतं की प्रत्येकाने मनीऑर्डर करायची म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तीही बातमी राहणार नाही. रस्त्यावर दूध ओतून झालं, कांदे ओतून झाले, टोमॅटो ओतून झाले. आता ओतलेल्या टोमॅटोचा फोटो पाहून कोणी पान उलटायचं थांबत नाही. पुढच्या वेळी काय करायचं? आमचा आरतीवाला म्हातारा आता नाही, नाहीतर त्याला विचारलं असतं.

आताही लोक माझ्याकडे येतात, पण पाकीट, कंडक्टर, रीळ हे सगळं गेलं. वार्ताहराचं झेरॉक्सचं दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. बातमी फोनवरून जाते. गावातली पोरं स्वतःच व्हिडिओ काढून टाकतात. त्यांतल्या निम्म्यांवर अजून तेच लिहिलेलं असतं, एका एकरात इतके लाख. मी ते पाहिले की खाली लिहायला लावतो, खर्च किती ते टाक. पोरं म्हणतात, आप्पा, खर्च टाकला की कोणी बघत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या पारोळ्याच्या पोराचा फोन आला. पोरगा कसला, आता दोन लेकरांचा बाप. कर्ज त्याने सात वर्षांत फेडलं, पोत सोडवली. पाच वर्षांपूर्वी दीड एकर लिंबू लावलं होतं, या वर्षी भर उन्हाळ्यात माल निघाला आणि भावही मिळाला. म्हणाला, “आप्पा, पेपरवाला ई राह्यना. काय सांगू त्याले?”

मी म्हटलं, आत्ता काही सांगू नको, मी येतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या ओट्यावर बसून आम्ही दोघांनी दुपारभर पाच वर्षांचा खर्च काढला. पहिली तीन-चार वर्षं लिंबाने काहीच दिलं नाही, ती वर्षं धरली. विहिरीचा गाळ काढला तो धरला. मेलेली रोपं धरली. एक फवारणी दुकानदाराच्या सांगण्याने उगाच केली होती, तीही धरली. त्याची आई आत तांदूळ निवडत होती, ती तिथूनच म्हणाली, “मना रोज बी लिखी ले.” तो हसायला लागला. मी म्हटलं, हसू नको, लिही. किती दिवस, माय? तिने बोटं मोजली आणि सांगितलं. तो आकडा लिहिला तेव्हा लिंबाचा नफा निम्म्याच्या खाली आला. तरी उरत होता.

संध्याकाळी नवा बातमीदार आला, कोवळा पोरगा, मोबाइल हातात. त्याने फोटो काढले. मी त्याला म्हटलं, सगळ्यात आधी खर्च लिही, मग उत्पन्न, आणि वर जो आकडा टाकशील तो हा टाक, म्हणून वहीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, आप्पा, आकडा जरा लहान दिसतो, ऑफिसला विचारून पाहतो. वहीच्या पानाचा फोटो काढून त्याने तिथूनच कोणाला तरी पाठवला, आणि आम्ही चौघं त्याच्या मोबाइलकडे पाहत बसलो.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. अंधार पडला तसा तो गेला, उद्या कळवतो म्हणाला. त्याला आज तीन आठवडे झाले. पोरगा दर दोन दिवसांनी फोन करून मला विचारतो, आणि मी सोमवारचा पेपर आधी उघडतो.